कीडाजडी आणि कॉर्डिसेप्स: माल खरा की खोटा, आणि लॅबचा रिपोर्ट कसा वाचायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरातल्या एका खोलीत एसी लावून, बरण्या मांडून कॉर्डिसेप्स ही औषधी म्हणून खपणारी बुरशी वाढवणारे आता महाराष्ट्रातही बरेच झालेत. त्यांच्यामागोमाग विकणारे आले, विकत घेणारे आले आणि लॅबचा रिपोर्ट पुढे करून ‘हे चांगलं आहे ना?’ असं विचारणारेही आले. खालचे प्रश्न त्यांचेच. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे खरंच सांगण्यासारखं आहे.

कीडाजडी आणि बरणीतली नारिंगी बुरशी एकच का?

नाही. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

कीडाजडी म्हणजे ओफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस. हिमालयात आणि तिबेटच्या पठारावर, साधारण ३,००० ते ५,००० मीटर उंचीवरच्या कुरणांत एका पतंगाच्या अळ्या जमिनीत मुळं खाऊन जगतात. त्या अळीला ही बुरशी लागते, आतून तिला संपवते आणि तिच्याच कातडीत स्वतः ठासून भरून राहते. बर्फ वितळलं की अळीच्या डोक्यातून एक तपकिरी काडी जमिनीवर येते. मे-जूनमध्ये उत्तराखंडातल्या पिथोरागड, चमोलीकडची माणसं बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, मुक्काम टाकून, गुडघ्यांवर रांगत ही काडी शोधतात. नेपाळात हिलाच यार्सागुम्बा म्हणतात. किलोचा भाव लाखांत जातो आणि निसर्गातली उपलब्धता घटत चालली आहे. २०२० पासून ही बुरशी आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदली आहे.

बरणीत वाढते ती कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस. तांदूळ, पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असल्या खाद्यावर गारव्यात ठेवून उजेड दिला की नारिंगी काड्या येतात. तिच्यात वाईट काहीच नाही, पण ती कीडाजडी नव्हे. प्रजातीच काय, शास्त्रीय वर्गीकरणात दोघींचं कुळसुद्धा वेगळं. २००७ पर्यंत दोघी ‘कॉर्डिसेप्स’ याच नावाखाली होत्या, त्या वर्षी हिमालयातली वेगळ्या प्रजातिगटात गेली. बाटल्यांवर मात्र अजून ‘कॉर्डिसेप्स सायनेन्सिस’ छापतात आणि आत मिलिटॅरिस भरतात. नकळत करणारे थोडे, कळून करणारे जास्त.

मग रसायनांवरून दोघींतला फरक कळतो का?

कळतो, आणि बऱ्यापैकी स्वच्छ कळतो.

मिलिटॅरिसची ओळख म्हणजे कॉर्डिसेपिन. १९५० मध्ये ते पहिल्यांदा याच बुरशीच्या कल्चरमधून वेगळं काढलं गेलं. रचनेनं ते ॲडेनोसिन या प्रत्येक जिवंत पेशीत असणाऱ्या रेणूसारखंच, फक्त साखरेच्या भागातला एक ऑक्सिजन कमी. चांगल्या वाळवलेल्या मिलिटॅरिसमध्ये ते ग्रॅममागे काही मिलिग्रॅम सहज निघतं.

कीडाजडीत ते जवळपास नसतंच. २०१७ मध्ये चिनी संशोधकांनी कॉर्डिसेपिन बनवणाऱ्या जनुकांचा संच मिलिटॅरिसमध्ये शोधून काढला. चार जनुकं शेजारीशेजारी बसलेली. हा संच ओफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिसच्या जीनोममध्ये नाही. जुन्या शोधनिबंधांत कीडाजडीत किंचित कॉर्डिसेपिन दाखवलेलं आढळतं, पण ते प्रमाण इतकं किरकोळ की त्याच्या जोरावर माल विकता येणार नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ‘अस्सल हिमालयन कीडाजडी, कॉर्डिसेपिन ०.८ टक्के’ असं लेबल दिसलं तर तो आकडा मालाच्या चांगुलपणाचा पुरावा नाही. माल कीडाजडीचा नाही, याचा तो पुरावा आहे. आकडा जितका मोठा, तितकी खात्री पक्की.

रिपोर्टमध्ये ‘कॉर्डिसेपिक ॲसिड’ भरपूर आलंय. हे चांगलं ना?

ते मॅनिटॉल आहे. १९५७ मध्ये एका शोधनिबंधात कीडाजडीतला हा पदार्थ नवं आम्ल म्हणून मांडला गेला. १९६३ मध्ये फेरतपासणी झाली तेव्हा ते साधं डी-मॅनिटॉल निघालं. बहुतेक बुरश्यांत आणि अळंब्यांत सापडणारी ही शर्करा-अल्कोहोल, जी शुगर-फ्री गोळ्यांतही घालतात. ते मोजायला हरकत नाही. पण साठ वर्षांपूर्वी निकालात निघालेलं नाव रिपोर्टवर ठळक अक्षरात छापणारी लॅब बाकीच्या तपासण्या किती काळजीनं करत असेल, अशी शंका मला येते.

‘रासायनिक ठसा’ म्हणजे नेमकं काय करतात?

बहुतेक ठिकाणी हे काम एचपीएलसी नावाच्या यंत्रावर होतं. बुरशीची बारीक पूड करून वजन घेतात, मिथेनॉल-पाण्याच्या मिश्रणात अर्क काढतात, गाळतात आणि त्यातले काही मायक्रोलिटर यंत्रात सोडतात. आत हाताच्या बोटापेक्षा थोडी लांब पोलादी नळी असते, तिला कॉलम म्हणतात. त्यात अतिसूक्ष्म सिलिकाचे कण गच्च भरलेले असतात. पाणी आणि मिथेनॉल दाबानं त्यातून जात राहतं. अर्कातला प्रत्येक पदार्थ त्या कणांना कमी-जास्त चिकटतो आणि त्यानुसार आधी किंवा नंतर बाहेर पडतो. बाहेर पडताना २६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश किती शोषला गेला ते यंत्र नोंदवतं. न्यूक्लिओसाइड्स (ॲडेनोसिन, कॉर्डिसेपिन यांच्या जातीचे रेणू) या प्रकाशात छान दिसतात म्हणून ही तरंगलांबी.

पडद्यावर एक सरळ रेघ चालत असते आणि मधूनमधून तिला टेकाडं, शिखरं येतात. या आलेखाला क्रोमॅटोग्राम म्हणतात. कीडाजडीत सुरुवातीच्या गर्दीनंतर युरिडिन, मग इनोसिन आणि ग्वानोसिन, त्याच्या बऱ्याच पुढे ॲडेनोसिन. मिलिटॅरिसमध्ये ॲडेनोसिनच्याही पुढे कॉर्डिसेपिनचं उंच शिखर. कोणतं शिखर कुठल्या मिनिटाला आलं, शेजाऱ्याच्या मानानं किती उंच, मधली बारीक टेकाडं कोणती, या सगळ्याचं मिळून जे चित्र होतं तो त्या बुरशीचा ठसा.

मग खात्रीच्या, वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या नमुन्यांचे ठसे एकत्र करून एक संदर्भ-ठसा बनवतात आणि नवा नमुना त्याच्याशी ताडून पाहतात. जुळणी ० ते १ या मापात येते. ०.९ च्या वर आली की साधारणपणे ‘जुळलं’ म्हणायची पद्धत आहे. मात्र या गणितात उंच शिखरांचा आवाज मोठा असतो. दोन-तीन मोठी शिखरं जुळली की आकडा वर जातो आणि एखादं बारीक, अनोळखी टेकाड झाकलं जातं. म्हणून नुसता ‘०.९६’ वाचून थांबू नये. दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवून डोळ्यांनी बघावेत.

चिनी फार्माकोपियात ॲडेनोसिनची मर्यादा दिलेली आहे. तेवढं तपासलं की पुरे ना?

पुरे नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या मालाच्या बाबतीत एका आकड्यावर कधीही विसंबू नये, आणि ॲडेनोसिन हे त्याचं उत्तम उदाहरण.

चिनी फार्माकोपिया (औषधांच्या दर्जाचा तिथला अधिकृत ग्रंथ) म्हणते की कीडाजडीत ॲडेनोसिन किमान ०.०१० टक्के हवं, म्हणजे ग्रॅममागे ०.१ मिलिग्रॅम. ही खालची मर्यादा आहे. तिच्याहून कमी भरणारा माल बाद करायला ती उपयोगी पडते. पण ॲडेनोसिन प्रत्येक जिवंत पेशीत असतं. यीस्टमध्ये असतं, मिलिटॅरिसमध्ये असतं, टाकीत वाढवलेल्या मायसेलियममध्ये (बुरशीच्या तंतूंच्या जाळ्यात) तर डोंगरावरच्या कीडाजडीपेक्षा जास्त असतं. म्हणजे स्वस्त माल या कसोटीत महागड्या मालापेक्षा वरचे गुण मिळवतो! गरम मसाल्यात नुसती दालचिनी मोजून तो कुणाच्या घरचा आहे हे जसं सांगता येत नाही, तसंच हे.

शिवाय आकडा विकतही घेता येतो. शुद्ध ॲडेनोसिन आणि शुद्ध कॉर्डिसेपिन ही दोन्ही रसायनं पुरवठादारांकडे मिळतात. तांदळाच्या पिठात चिमूटभर मिसळली की रिपोर्ट झकास येतो. अशी भेसळ आकड्यात पकडता येत नाही, ठशात मात्र उघडी पडते. ॲडेनोसिनचं एकच शिखर ताठ उभं आणि आजूबाजूला युरिडिन, ग्वानोसिन नाहीत किंवा नावापुरते आहेत, असं कुठल्याही बुरशीत होत नाही. त्याच्या जोडीला एर्गोस्टेरॉल मोजावं. बुरशीच्या पेशीपटलातलं हे स्टेरॉल पिठात नसतं. कॉर्डिसेपिन भरपूर आणि एर्गोस्टेरॉल जवळपास शून्य, अशी जोडी दिसली की समजून जायचं. (अपवाद पाण्यात काढलेल्या अर्काचा. एर्गोस्टेरॉल पाण्यात उतरत नाही, तेव्हा तिथे ते कमी असणं स्वाभाविक आहे.)

आमच्या लॅबकडे मास स्पेक्ट्रोमीटर आहे. मग तर चूक व्हायचा प्रश्नच नाही?

होऊ शकते, आणि ती चूक मोठी गमतीशीर आहे. मास स्पेक्ट्रोमीटर रेणूचं वस्तुमान बघतो. ॲडेनोसिन २६८ ला दिसतं, कॉर्डिसेपिन २५२ ला. इथवर सगळं सोपं. पण डीएनएच्या तुकड्यांतून येणारं २′-डीऑक्सिॲडेनोसिन नावाचं एक संयुग आहे. त्याचं सूत्र कॉर्डिसेपिनचंच, वस्तुमानही तेच. फक्त ऑक्सिजन साखरेच्या वेगळ्या कोपऱ्यातून गळालेला. तोडलं तर दोघांतूनही १३६ चा तोच ॲडेनिनचा तुकडा निघतो. कॉलमनं दोघांना वेळेत वेगळं केलं नाही, तर २′-डीऑक्सिॲडेनोसिनला यंत्र खुशाल कॉर्डिसेपिन म्हणून मोजेल.

त्यामुळे लॅबला विचारायचा प्रश्न हा: दोन्हींचे स्टँडर्ड (शुद्ध संदर्भ-नमुने) चालवून ती वेगळ्या मिनिटाला येतात हे पाहिलंय का?

त्यापेक्षा डीएनए तपासणी करून मोकळं का होऊ नये?

पूर्ण काडी किंवा साधी पूड असेल तर जरूर करावी. बुरशीच्या डीएनएतला आयटीएस हा भाग वाचला की प्रजातीचं नाव कळतं, आणि कीडाजडी की मिलिटॅरिस हा वाद तिथेच मिटतो.

पण डीएनए किती आहे ते सांगत नाही, काय आहे तेवढंच सांगतं. पुडीत दहा टक्के बुरशी आणि नव्वद टक्के पीठ असलं तरी बुरशीचं नाव बरोबरच येणार. उकळून, गाळून, फवाऱ्यानं वाळवलेल्या अर्कात वाचण्यासारखं डीएनए उरतच नाही. आणि डोंगरावरच्या कीडाजडीत एकटी ओफिओकॉर्डिसेप्स राहत नाही, इतरही बुरश्या तिच्यासोबत नांदतात. पॅसिलोमायसिस हेपियाली ही त्यातलीच एक. कीडाजडीतून वेगळी काढून चीनमध्ये टाक्यांत वाढवली, ‘सीएस-४’ नावानं जगभर खपली आणि लोक बराच काळ तिला कीडाजडीचंच रूप समजत राहिले. कीडाजडीचं खरं अलैंगिक रूप हिर्सुटेला सायनेन्सिस आहे हे नंतर पक्कं झालं. तेव्हा नाव डीएनएकडून, प्रमाण आणि दर्जा रसायनांकडून, असं काम वाटून घ्यावं.

कीडाजडीच्या अख्ख्या काड्या समोर आहेत. नुसत्या डोळ्यांनी काय कळेल?

बरंच काही, फक्त घाई करू नका.

अळीचा भाग ३ ते ५ सेंटिमीटर, पिवळट-तपकिरी, अंगावर २० ते ३० वळ्या. डोक्याकडच्या वळ्या बारीक आणि दाट. पायांच्या आठ जोड्या, पण ठळक दिसतात त्या मधल्या चार. भिंग घेऊन आधी तेच मोजा. काडी डोक्यातूनच निघालेली असते, पाठीतून किंवा शेपटाकडून नाही. अळी मोडली तर कटकन तुटते आणि आतून फिक्कट पांढरट, भरीव दिसते. साच्यात घालून बनवलेल्या पिठाच्या अळ्यांना वळ्या असतात, पण पाय सगळे एकसारखे येतात आणि पाण्यात टाकल्या की विरघळायला लागतात. काही ठिकाणी एका झाडाच्या अळीसारख्या दिसणाऱ्या कंदांचाही वापर होतो, त्यांना पायच नसतात.

खरी अळी असूनही फसवणूक होते ती वजनात. तुटलेले भाग आत काडी किंवा तार खुपसून जोडलेले असतात. तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला माल जड लागतो आणि जिभेला तुरट. विकत घेताना दोन-चार अळ्या मधोमध मोडून बघू द्या म्हणावं. या भावाचा माल मोडायला विक्रेता कुरकुरेल, ते साहजिकच आहे. पण मोडलेलीही औषधी म्हणून तितकीच चालते, तेव्हा नुकसान कुणाचंच नाही.

कीडाजडीच्या जवळच्या, वेगळ्या किड्यांवर वाढणाऱ्या प्रजाती मात्र डोळ्यांना दगा देतात. तिथे लॅबच हवी.

शिसं आणि आर्सेनिक यांची एवढी चर्चा का?

कारण लोकांना त्याचा खरोखर त्रास झालाय. तैवानमध्ये कीडाजडीच्या भेसळीच्या पुडीमुळे शिशाची विषबाधा झालेल्या दोन रुग्णांची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली.

आर्सेनिकची गोष्ट वेगळी. २०१६ च्या फेब्रुवारीत चीनच्या औषध प्रशासनानं कीडाजडी, तिची पूड आणि गोळ्या तपासून जाहीर केलं की आर्सेनिक किलोमागे ४.४ ते ९.९ मिलिग्रॅम सापडतंय. आरोग्य-खाद्यासाठी तिथली मर्यादा १.० होती. हे भेसळीतून आलेलं नव्हतं. अळी आयुष्यभर मातीत राहते, तिथलीच मुळं खाते, आणि तिबेटच्या पठारावरच्या मातीत आर्सेनिक निसर्गतःच जास्त आहे. म्हणजे माल शंभर टक्के अस्सल असूनही हा दोष असू शकतो, किंबहुना अस्सल असल्यामुळेच असतो.

आपल्याकडे आयुर्वेदिक औषधांसाठीच्या मर्यादा शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम) अशा आहेत. रिपोर्टमध्ये चारही धातू वेगवेगळे हवेत, आयसीपी-एमएस या धातू मोजायच्या यंत्रावर मोजलेले. ‘हेवी मेटल्स: कम्प्लाइज’ एवढीच ओळ असेल तर तिला काही अर्थ नाही. बरणीतली मिलिटॅरिस इथे फायद्यात असते, कारण तिचा मातीशी संबंध येत नाही. तरी तांदूळ कुठला, त्यात किती आर्सेनिक, हे एकदा तपासून ठेवलेलं बरं.

‘पॉलिसॅकराइड ४० टक्के’ हा दावा कितपत खरा?

खरा असेल, पण कामाचा नसेल. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, आणि स्टार्चही पॉलिसॅकराइडच. तांदळावर वाढवलेलं मायसेलियम तांदळासकट दळून पुडी बांधली, तर पॉलिसॅकराइड चाळीसच काय, त्याच्याही वर जाईल. बुरशीचा म्हणून जो भाग मोजायचा तो बीटा-ग्लुकान. त्याची एन्झाइम पद्धत आहे: आधी एकूण ग्लुकान, मग अल्फा-ग्लुकान (यात स्टार्च येतो), आणि दोन्हींची वजाबाकी म्हणजे बीटा. अल्फाचा आकडा मागून घ्या. तो बीटापेक्षा मोठा दिसला की तुम्ही भाताचे पैसे देताय.

याची घरगुती चाचणी शाळेत केलेली आहेच. अर्धा चमचा पूड कपभर पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या, मग आयोडीनच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका. काळानिळा रंग आला तर स्टार्च आहे. गार होऊ द्या हे मुद्दाम सांगतोय, कारण गरम पाण्यात तो रंग टिकत नाही आणि माणूस उगाच खूश होतो. तपकिरी-पिवळसर राहिलं तर धान्य नाही म्हणायला हरकत नाही. अर्काच्या पुडीत घालतात ते माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्च तोडून बनवलेली पूड) मात्र या चाचणीत बहुधा निसटतं.

आणि कॉर्डिसेपिन चांगलं आलंय म्हणजे तांदूळ नसणार, असं समजू नका. बुरशी कॉर्डिसेपिन खाद्यातही सोडते. काड्या काढून घेतलेल्या भाताच्या गठ्ठ्यातही ते सापडतं.

मी मिलिटॅरिस वाढवतो. लॅबला नमुना कसा पाठवू?

सगळ्यात देखणी बरणी निवडून पाठवायचा मोह आवरा. तो रिपोर्ट त्या बरणीचा असेल, बॅचचा नव्हे. बॅचमधल्या निरनिराळ्या रॅकवरच्या, वरच्या-खालच्या बरण्यांतल्या काड्या घ्या, एकत्र करा, ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन उचला, पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. पुरेसा लहान होईपर्यंत असंच. मग दळा. काड्या आणि भाताचा गठ्ठा वेगवेगळे पाठवा, तपासायचे असतील तर दोन्ही.

वाळवण कडक हवं, मोडल्यावर आवाज येणारं. दमट नमुना हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर कुरिअरमध्ये फिरला की तपासणी होते ती तुमच्या मालाची नव्हे, वाटेत बदललेल्या मालाची. पिशवीवर बॅच क्रमांक, काढणीची आणि वाळवणीची तारीख लिहा आणि त्याच मिश्रणातला थोडा भाग स्वतःकडे सीलबंद ठेवून द्या. पुढे वाद झाला तर तोच उपयोगी पडतो.

लॅबला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, हा अर्धाच प्रश्न. मान्यता तपासणीनिहाय असते. पाण्याच्या तपासणीसाठी मान्यता असलेली लॅब कॉर्डिसेपिनही मोजून देईल, पण त्या आकड्याला ती मान्यता लागू नाही. तेव्हा मान्यतेच्या यादीत आपली तपासणी आहे का ते बघा.

एकच नमुना दोन लॅबला दिला. एकीचा आकडा दुसरीच्या दुप्पट. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. आधी एकक बघा. ०.३ टक्के, ग्रॅममागे ३ मिलिग्रॅम आणि १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅम हे तिन्ही एकच. मग आकडा कोरड्या वजनावर आहे की जशाच्या तशा नमुन्यावर, ते बघा.

हे सगळं सारखं असेल तर फरक अर्क काढण्यात असतो. थंड पाण्यात पूड भिजवली की बुरशीतली एन्झाइम्स जागी होतात. न्यूक्लिओटाइड मोडून न्यूक्लिओसाइड बनतात, ॲडेनोसिनचं इनोसिन होतं. म्हणजे अर्क काढता काढताच नमुना बदलत असतो. उकळत्या पाण्यात किंवा मिथेनॉल जास्त असलेल्या मिश्रणात एन्झाइम्स लगेच निकामी होतात आणि चित्र वेगळं येतं. पद्धत सारखी नसेल तर आकडे शेजारी मांडू नयेत.

जुना झालेला माल तपासणीत कमी भरतो का?

उलटही होतं. दमट, उबदार जागी ठेवलेल्या कीडाजडीत न्यूक्लिओसाइड्सचं प्रमाण वाढलेलं आढळलंय. आतल्या केंद्रकाम्लांची (डीएनए, आरएनए) मोडतोड होत राहते ना, त्यातून. म्हणजे कोंदट गोदामात पडून राहिलेला माल ॲडेनोसिनच्या कसोटीत ताज्याला मागे टाकू शकतो. म्हणून इनोसिन आणि ते मोडून होणारं हायपोझँथिन फार वर गेलेत का, हेही बघायचं. आणि असा माल आला की अफ्लाटॉक्सिनची (साठवणुकीत वाढणाऱ्या बुरशीच्या विषाची) तपासणी टाळू नये.

सह्याद्रीत पावसाळ्यात किड्यांवर उगवलेली अशीच बुरशी दिसली. वाळवून घ्यावी का?

फोटो काढा, हात लावू नका असं नाही म्हणत, पण तोंडात घालू नका. पश्चिम घाटात कीटकांवर वाढणाऱ्या बुरश्या आहेतच. वास मारणाऱ्या ढेकणांवर उगवणारी ओफिओकॉर्डिसेप्स नूटन्स इथे नोंदवली गेली आहे. पण दिसायला नात्यातली म्हणून गुणही तेच, असं होत नाही.

सिकाडा, म्हणजे झाडांवर किर्र आवाज करणारे कीटक, यांच्यावरच्या बुरशीचं उदाहरण घ्या. चीनमध्ये ‘सिकाडा-फूल’ म्हणून एक बुरशी औषधात वापरतात. तिची रासायनिक खूण म्हणजे हायड्रॉक्सिएथिल-ॲडेनोसिन, मास स्पेक्ट्रोमीटरवर ३१२ ला दिसणारं. दक्षिण व्हिएतनाममध्ये जमिनीतून निघालेले असेच बुरशी लागलेले सिकाडा लोकांनी खाल्ले आणि चक्कर, उलट्या, भ्रम होऊन रुग्णालयात पोहोचले. ती प्रजाती वेगळी होती आणि तिच्यात इबोटेनिक ॲसिड सापडलं. लाल टोपीच्या प्रसिद्ध विषारी अळंबीत असतं तेच.

सगळे रिपोर्ट उत्तम आले. आता हे औषध लागू पडेल ना?

रिपोर्ट माल काय आहे ते सांगतो. तो कशावर चालतो ते सांगणं त्याचं काम नाही. कॉर्डिसेपिनचंच बघा. रक्तातलं ॲडेनोसिन डीअमिनेज नावाचं एन्झाइम त्याला झपाट्यानं निष्क्रिय करतं. बुरशीला हे ठाऊक असावं, कारण मिलिटॅरिस कॉर्डिसेपिनसोबत पेंटोस्टॅटिन नावाचं संयुगही बनवते, जे याच एन्झाइमला रोखतं. आपल्या कॅप्सूलमध्ये ते किती आहे, हे कुणी मोजतच नाही. आणि पेंटोस्टॅटिन हे रक्ताच्या कर्करोगावर वापरलं जाणारं औषध आहे, तेव्हा ‘नैसर्गिक आहे, कितीही घ्या’ हे वाक्य इथे चालत नाही.

या बुरश्यांतून खरीखुरी औषधं निघाली आहेत, हे मात्र खरं. इसारिया सिंक्लेरी या बुरशीतल्या मायरिओसिनवर काम करत जपानी संशोधकांनी फिंगोलिमोड घडवलं. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी अमेरिकेत २०१० मध्ये त्याला परवानगी मिळाली. अवयवरोपणानंतर देतात ते सायक्लोस्पोरिनही भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर वाढणाऱ्या बुरशीच्याच एका रूपातून आलं. पण ती औषधं शुद्ध रेणू म्हणून, चाचण्या होऊन, मोजून दिली जातात. आधीच रोगप्रतिकार कमी करणारी किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर कॉर्डिसेप्स घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

विक्रेता म्हणतो, आकडे देतो पण क्रोमॅटोग्राम ‘कंपनीचं गुपित’ आहे.

क्रोमॅटोग्राममधून कुणाचं खाद्याचं सूत्र कळत नाही, की स्ट्रेन चोरता येत नाही. त्यात फक्त मालात काय आहे ते दिसतं. तेव्हा मागा: त्याच बॅच क्रमांकाचा आलेख, शेजारी स्टँडर्डचा आलेख, चार धातूंचे आकडे, अल्फा आणि बीटा-ग्लुकान, आणि ‘आढळलं नाही’ असं जिथे लिहिलंय तिथे किती कमी प्रमाणापर्यंत मोजता येत होतं ती मर्यादा. किरकोळ ग्राहकाला हे मिळणार नाही, मान्य. पण किलोनं घेणाऱ्यानं यातलं काही न बघता पैसे देऊ नयेत. तरीही तोच माल हवा असेल तर वीस-पंचवीस ग्रॅम नमुन्याचे पैसे द्या आणि आपल्या खर्चानं आपल्या पसंतीच्या लॅबला पाठवा.